धंदा वाढवण्याआधी धंद्याचा नकाशा काढा



नुसत्या उसावर घर चालत नाही, हे आता कुणी कुणाला सांगावं लागत नाही. वाटण्या होत होत एकराचे वीस गुंठे झाले आणि खाणारी तोंडं तेवढीच राहिली. म्हणून आपल्या कार्यक्षेत्रात घरोघर जोडधंदा उभा राहतो आहे. कुणी ऊस रोपांची नर्सरी घातली आहे, कुणाचं गुऱ्हाळ आहे, कुणाचा दहा म्हशींचा गोठा आहे, कुणी ट्रॅक्टर भाड्यानं देतो, कुठं बचत गटाच्या भगिनी मसाला कांडतात. ही चांगली गोष्ट आहे आणि तिचं आम्हाला मनापासून कौतुक आहे.

परंतु आम्हाला असं दिसतं की, आपल्याकडचा धंदा सुरू होताना अडत नाही, तो वाढताना अडतो. पहिल्या वर्षी घरची माणसं राबतात, माल चांगला निघतो, नाव होतं. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईक दुप्पट होतं. तिसऱ्या वर्षी मात्र घरात भांडणं सुरू होतात. कुणाला किती माल कबूल केला, कुणाकडून किती येणं आहे, बाजारातून काय आणायचं राहिलं, याचा मेळ लागत नाही. मग कुणीतरी सल्ला देतो, ‘संगणक घ्या, सॉफ्टवेअर बसवा, सगळं सरळ होईल.’ कर्जाऊ पैशानं संगणक येतो, महिनाभर कौतुक होतं आणि पुढच्या हंगामात त्याच्यावर पोत्याचं फडकं पडतं. संगणक वाईट नसतो. पण काय करून घ्यायचं हे ठरवण्याआधीच तो घरात आणलेला असतो.

या लेखात आमचं म्हणणं एवढंच आहे की, धंदा वाढवायचा असेल तर आधी त्याचा नकाशा कागदावर काढा. काय विकत घ्यायचं हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

मोठ्या कंपन्यांची विद्या

ही काही आमची कल्पना नव्हे. मोठ्या कंपन्यांमध्ये या कामाला ‘एंटरप्राइज आर्किटेक्चर’ असं भारदस्त नाव आहे. आपल्या भाषेत त्याला धंद्याच्या रचनेचा आराखडा म्हणता येईल. आयबीएम कंपनीतील जॉन झॅकमन यांनी १९८७ साली या विषयावर एक लेख लिहिला. इमारत किंवा विमान बांधताना जसे वेगवेगळे नकाशे लागतात, तसे कंपनीची माहितीव्यवस्था उभारतानाही लागतात, असा त्यांचा मुद्दा होता. त्या लेखात त्यांनी काय, कसे आणि कुठे या तीन प्रश्नांची मांडणी केली. १९९२ साली जॉन सोवा यांच्या सोबतीनं त्यांनी कोण, केव्हा आणि का हे तीन प्रश्न त्यात घातले. असे सहा प्रश्न झाले.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. विहिरीवर मोटार बसवायची तर आपण आधी पाणी किती खोल आहे ते बघतो, पाइपलाइन किती लांब जाते ते मोजतो, रानाचा चढ बघतो. मगच किती हॉर्सपॉवरची मोटार घ्यायची ते ठरतं. दुकानदारानं स्वस्तात देऊ केली म्हणून कुणी दहाची मोटार पाचच्या पाण्यावर बसवत नाही. रानात जी अक्कल आपण वापरतो, तीच धंद्यात वापरा, एवढाच या विद्येचा अर्थ आहे.

या आराखड्याचे थर चार. सगळ्यात वर कामं, म्हणजे रोज कोण काय करतं. त्याखाली माहिती, म्हणजे त्या कामाला काय ठाऊक असावं लागतं. त्याखाली साधनं, म्हणजे ती माहिती वहीत आहे, मोबाईलवर आहे की सॉफ्टवेअरमध्ये. आणि सगळ्यात खाली यंत्रं. वरून खाली यायचं, हा नियम. आपण बहुतेक वेळा खालून वर जातो, म्हणजे आधी यंत्र आणतो आणि मग त्याला काम शोधतो.

आपल्याच कारखान्याचं उदाहरण

असा आराखडा कामाला लागलेला बघायचा असेल तर लांब जायला नको. ऊस नोंदीपासून बिलापर्यंतचा रस्ता आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा आहे. लागण झाली की आपण गट ऑफिसला नोंद देतो. तीत गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख असते. त्या एका नोंदीवर शेतकी विभाग तोडणीचा प्रोग्राम लावतो. प्रोग्रामाप्रमाणे तोड येते, टोळी फडात उतरते, गाडी किंवा ट्रॅक्टर काट्यावर येतो, वजनाची पावती निघते, वजन हिशेब विभागाकडे जातं, तिथं सोसायटीची कपात होते आणि उरलेली रक्कम बँकेत जमा होते.

बघा, सभासदानं लागणीची तारीख एकदाच सांगितली, पण ती किती टेबलांवर कामाला आली. म्हणून ती तारीख चुकीची लिहिली गेली तर चूक नोंदवहीत राहत नाही. तोड चुकते, ऊस वाळतो, वजन घटतं आणि बिल कमी येतं. शिवाय १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के दरानं व्याज लागतं. ही मुदत पाळायची तर काट्यावरची पावती आणि हिशेबाचं खातं एकमेकांशी जुळलेलं असावंच लागतं. हे जुळणं म्हणजेच आराखडा. कारखान्याला तो लागतो आणि आपल्या घरच्या धंद्याला लागत नाही, असं होत नाही. फरक फक्त आकाराचा.

रोपवाटिकेचा हिशेब

आता एक धंदा घेऊन बघू. समजा आपल्या एखाद्या सभासदाच्या मुलानं आणि सुनेनं मिळून ऊस रोपांची नर्सरी घातली आहे. शेडनेट आहे, ट्रे आहेत, कोकोपीट आहे, एक डोळ्याच्या कांड्या लावून महिना-सव्वा महिन्यात रोप तयार होतं. पहिल्या वर्षी त्यांनी २ लाख रोपं विकली. आता त्यांना १० लाखांवर जायचं आहे.

पाच फुटांची सरी आणि दोन रोपांत दोन फूट अंतर धरलं तर एकरी ४,३५६ रोपं बसतात. म्हणजे २ लाख रोपं सुमारे ४६ एकरांना पुरतात. ४६ एकरांची गिऱ्हाइकं तोंडपाठ राहतात, कारण ती भावकीतली आणि शेजारच्या दोन गावांतली असतात. १० लाख रोपं म्हणजे सुमारे २३० एकर. इथं तोंडपाठ संपलं. आता सहा प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न, काय? या धंद्यात सांभाळायच्या वस्तू कोणत्या? रोपं, ट्रे, बेणं हे तर खरंच, पण उसाची जात, घेतलेली आगाऊ रक्कम आणि राहिलेली उधारी याही वस्तूच आहेत. दुसरा, कसे? बेणं निवडणं, कांडी काढणं, बेणेप्रक्रिया, ट्रे भरणं, पाणी, रोप देणं, वसुली, अशी क्रमानं कामं लिहा. तिसरा, कुठे? बेणेमळा कुणाच्या रानात, ट्रे कोणत्या ओळीत, वही कुणाच्या कपाटात. चौथा, कोण? ऑर्डर कोण घेतं आणि दर कमी करायचा अधिकार कुणाला. पाचवा, केव्हा? आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, म्हणजे त्या रोपांच्या कांड्या जूनपासून लावाव्या लागणार. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची आणि सुरू जानेवारी-फेब्रुवारीची, म्हणजे मधल्या काळात मजूर आणि शेडनेट रिकामं. सहावा आणि शेवटचा, का? १० लाखांवर कशासाठी जायचं? दोन कुटुंबं नीट जगावीत म्हणून, की शेजाऱ्यानं १५ लाख केली म्हणून?

हे सहा प्रश्न एका मोठ्या कागदावर लिहून काढले की दोन गोष्टी आपोआप दिसू लागतात.

पहिली गोष्ट जातीची. ऑर्डर मुलाच्या मोबाईलमध्ये आहे, ट्रे भरायचं काम सुनेकडे आणि मजुरांकडे आहे, रोप गाडीत चढवायचं काम वडिलांकडे आहे. को ८६०३२ कुणाची आणि फुले २६५ कुणाची, हे तिघांपैकी एकालाच माहीत. ट्रेवर तर काहीच लिहिलेलं नाही. कोवळं रोप बघून जात ओळखणं शेतकऱ्याला अवघड. तो लागण करून मोकळा होतो आणि काही महिन्यांनी फडात उभा राहून म्हणतो, ‘मी मागितलं एक आणि दिलं दुसरंच.’ नोंद एका जातीची आणि रानात दुसरीच जात, म्हणजे प्रोग्रामाचाही घोळ. नर्सरीचं नाव तिथं बुडतं. या दुखण्याला लाखाचं सॉफ्टवेअर लागत नाही. जातीप्रमाणे रंगीत पट्टी आणि पट्टीवर कांडी लावल्याची तारीख, एवढ्यानं भागतं. पण ते सुचण्यासाठी ऑर्डर, ट्रे आणि गाडी यांच्यामध्ये माहिती कुठं तुटते ते आधी कागदावर दिसलं पाहिजे.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि आमच्या मते तीच जास्त धोक्याची. समजा रोपाला अडीच रुपये दर आहे आणि एक रुपया आगाऊ घेतला जातो. २ लाख रोपांमागे २ लाख रुपये आगाऊ येतात. हातात रोकड दिसते आणि घरातला एखादा खर्च त्यातून भागतो. पण आगाऊ रक्कम म्हणजे नफा नव्हे, ते रोप देईपर्यंत आपल्या डोक्यावरचं देणं आहे. उरलेल्या ३ लाखांपैकी निम्मे ‘उसाच्या बिलावर देतो’ या बोलीनं राहिले, तर दीड लाख अडकले. लागण जुलैत, बिल येणार हंगाम सुरू झाल्यावर, म्हणजे चार-सहा महिने गेले. आणि त्याच लागणीच्या बिलावर बोली झाली असेल तर दीड वर्ष गेलं. हाच हिशेब १० लाख रोपांचा केला तर अडकणारी रक्कम साडेसात लाख होते. म्हणजे धंदा पाचपट वाढला की उधारीही पाचपट वाढली, आणि कोकोपीटवाला मात्र रोख मागतो. धंदा जोरात चालूनही माणूस कर्जात जातो तो असा. आराखड्यात ‘वसुली’ हे काम म्हणून लिहिलं, त्याच्यापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख घातली, तर हे संकट आधी दिसतं. उधारीची मर्यादा ठरवता येते, आणि १० लाखांऐवजी यंदा ५ लाखांवर थांबायचं शहाणपणही सुचतं.

आज काय आहे ते एका कागदावर, दोन वर्षांनी काय हवं ते दुसऱ्या कागदावर, आणि दोन्हींच्या मधला फरक तिसऱ्या कागदावर. या तिसऱ्या कागदावर जे उरेल तेवढंच विकत घ्यायचं. मोठ्या कंपन्या लाखो रुपये देऊन सल्लागारांकडून जे करून घेतात, त्याचा गाभा एवढाच आहे.

वारणेचा धडा

साधन कोणतं घ्यावं याबद्दल आपल्याच मुलखातला एक अनुभव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वारणानगर परिसरात १९९८ साली केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा समूह यांनी मिळून ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प सुरू केला. गावोगावी संगणकाची केंद्रं झाली आणि शेतकऱ्याला गावातच माहिती मिळू लागली. त्या काळी हे फार धाडसाचं पाऊल होतं आणि त्याचं श्रेय दिलंच पाहिजे.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागानं तिथल्या केंद्रांचा अभ्यास केला. केंद्रांचा मुख्य वापर ऊस कारखान्याच्या कामापुरता होता. ऊस किती गेला, खत किती उचललं, अशा छोट्या छोट्या माहितीची देवाणघेवाण तिथं चाले. त्यांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरच्या एसएमएसनं तेच काम करून पाहिलं आणि २००७ साली त्याचा वृत्तांत मांडला. संगणकावरची सगळी कामं मोबाईलवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते अधिक सोयीचं वाटलं.

एसएमएसचं युगही आता मागं पडलं. पण धडा जुना झालेला नाही. कामाला माहिती किती आणि कशी लागते हे नीट पाहिलं, तेव्हा कळलं की छोटं साधन पुरेसं आहे. आणि हेही विसरू नये की, मोबाईल कामाला आला तो मागं नोंदी व्यवस्थित होत्या म्हणून. मागं गोंधळ असता तर मोबाईलनं तोच गोंधळ लवकर पोचवला असता.

आक्षेप आणि उत्तर

काही सभासद म्हणतील, ‘एवढ्याशा धंद्याला कसला आराखडा? सगळं माझ्या डोक्यात आहे.’ आमचं उत्तर असं की, डोक्यात आहे हीच तर अडचण आहे. मालक आठ दिवस दवाखान्यात राहिला तर घरच्यांना कुणाकडून किती येणं आहे हे कळत नाही. ज्याचं त्यानं आपणहून आणून द्यावं, या भरवशावर बसावं लागतं. आपल्या गावांतून चांगले चालते धंदे माणसाबरोबर संपले आहेत ते यामुळेच. कागदावरचा धंदा मुलाच्या, सुनेच्या, लेकीच्या हाती देता येतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मोठ्या कंपन्यांतसुद्धा हे आराखडे जाड फायली होऊन कपाटात पडतात, असं जाणकार सांगतात. ते खरं आहे. नकाशा काढण्यातच वर्ष गेलं तर पेरा कधी करणार? म्हणून छोट्या धंद्याचा नकाशा चार कागदांपेक्षा मोठा नसावा, घरातल्या सगळ्यांना वाचता यावा आणि दर हंगामाच्या शेवटी एकदा दुरुस्त व्हावा. त्यापुढचं सगळं शोभेचं.

आणखी एक सावधगिरी. आराखड्याअंती सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलंच, तर विकणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारा. उद्या तुमचं सॉफ्टवेअर सोडलं तर माझ्या गिऱ्हाइकांची यादी आणि खाती मला परत काढून मिळतील का? आणि दर वर्षाला किती पैसे भरावे लागतील? उत्तर गोलमाल आलं तर उठून यावं. गिऱ्हाइकांची यादी ही धंद्याची सातबारा आहे. ती दुसऱ्याच्या नावावर चढू देऊ नये.

कारखान्यानं काय करावं

ही सगळी जबाबदारी एकट्या सभासदावर टाकून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. कारखान्याकडं आराखड्याची जाण आहे, शिकलेली माणसं आहेत आणि सगळ्यात मोलाची अशी माहिती आहे. म्हणून संचालक मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो.

एक, गट ऑफिसमध्ये महिन्यातून एक दिवस जोडधंदा करणाऱ्या सभासदांसाठी ठेवावा. हिशेब आणि संगणक जाणणारा एक माणूस तिथं बसावा आणि त्यानं वर सांगितलेले सहा प्रश्न सभासदाकडून भरून घ्यावेत. सभासदांची शिकलेली मुलं-मुली या कामाला आनंदानं येतील.

दोन, लागण धोरण आणि कोणत्या गटात कोणत्या जातीची किती मागणी आहे याचे आकडे नर्सरीवाल्यांना हंगामाआधी दोन-अडीच महिने मिळावेत. आज नर्सरीवाला अंदाजानं कांड्या लावतो. अंदाज चुकला की एका जातीची रोपं ट्रेमध्ये म्हातारी होतात आणि दुसऱ्या जातीसाठी शेतकरी दारोदार फिरतो. नुकसान दोघांचंही होतं. हे आकडे गोळा करून वेळेवर दिले तर कारखान्याचा फारसा खर्च होणार नाही, आणि सभासदाचा मोठा फायदा होईल.

तीन, या आराखड्याला कर्जाची अट किंवा नवा दाखला करू नये. दाखला झाला की तो भरून देणारा एजंट तयार होतो आणि मूळ हेतू बाजूला राहतो. सभासदाला त्याचा उपयोग पटला तर तो आपणहून करील.

सहकारात आपण एकेकट्याच्या छोट्या शिवारातून एवढा मोठा कारखाना उभा केला, तो नुसत्या भांडवलावर नव्हे. प्रत्येक टनाची नोंद, प्रत्येक शेअरचा हिशेब आणि कुणी काय करायचं याची ठरलेली वाट, यावर तो उभा आहे. तीच शिस्त आता घरच्या नर्सरीत, गोठ्यात आणि गुऱ्हाळात जायला हवी. येत्या अमावस्येला शेतीकामाची सुट्टी असते, त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना बसवा, एक मोठा कागद घ्या आणि काय, कसे, कुठे, कोण, केव्हा, का हे सहा शब्द लिहा. ज्या शब्दापुढं घरातल्या दोघांची उत्तरं वेगळी येतील, तिथंच धंदा अडलेला आहे असं समजा आणि पहिली दुरुस्ती तिथं करा. संगणकाच्या दुकानात जायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.